जाड रंग

रंगाचा तिसरा हात वाळला आणि पांढऱ्या भिंतीतून लाल अक्षरं पुन्हा वर आली. कामगार पाहिजेत.

"अजून दिसतंय!" मालक खेकसला. "रोज कुणीतरी वाचतं आणि फाटकात येऊन उभं राहतं. आता गोदाम आहे इथं. चार माणसांत भागतं. आज ही भिंत कोरी झाली नाही तर मी दुसरा रंगारी बघतो." साबणाच्या कारखान्याला कुलूप ठोकताना याला भिंत आठवली नव्हती.

रंगारी पोरगी शिडीवरून उतरली. जाड रंग झाकेल, हे तिलाही कळत होतं. पण जाड रंग फवाऱ्याचं मशीन ओढेना. नुसतं घरघरायचं आणि थुंकायचं.

जुने पेंटर अप्पा उपड्या बादलीवर बसले होते. अक्षरं त्यांच्याच हातची. सकाळपासून दर वेळी ती वर आली की म्हाताऱ्याची मिशी हलायची.

"पाणी घालून माझं अक्षर झाकायला निघालीस होय?"

"मग तुम्हीच सांगा ना."

अप्पा भिंतीकडे बघत राहिले. मग उठले. मशीनची शोषनळी काढून बाजूला टाकली. रिकाम्या डब्याचा तळ कापला आणि डबा नळीच्या जागी मशीनच्या तोंडावर घट्ट बसवला. बारीक जाळी काढली, मोठ्या भोकांची घातली. नोझल मोठं लावलं.

"ओढायला लावू नकोस त्याला. रंग आपल्या वजनानं उतरू दे."

मशीननं एक ढेकर दिली आणि सलग फवारा सुटला. पहिलं अक्षर एका हातात गेलं. पुन्हा वर आलं नाही.

अप्पा डब्यात रंग ओतत राहिले. "हे लिहीत होतो तेव्हा तुझी आई खाली उभी होती. वाचता येत नव्हतं तिला. म्हणाली, काय लिहिलंय हो? म्हटलं, तुम्हाला बोलावलंय. तर सरळ आत गेली की बया!"

तिला हसू आलं. लहानपणी संध्याकाळी भोंगा झाला की ती याच फाटकात आईला शोधायची. सगळ्याच बायकांच्या पदरांना साबणाचा वास यायचा. भलताच पदर धरायची, आणि अख्खं फाटक हसायचं.

दुसरा शब्द अर्धा उरला होता. चापावरचं तिचं बोट सैल पडलं.

"थांबू नकोस," अप्पा म्हणाले. "जाड रंग आहे. मध्येच थांबलीस की ओघळ येतो."