बारा हिरव्या बांगड्या

"कुणाला पटायचं नाही, पण डॉक्टरनं माझी नाडी धरली तर त्याचाच ताप उतरतो," अनसूयाकाकू म्हणाल्या. पापडाच्या कारखान्यातल्या बायका हसल्या.

नर्स कुंदा हसली नाही. लाटणं रेटताना काकू कळवळतात हे बघून तिनं नुकतीच आडोशाला त्यांची छाती तपासली होती. गाठ लिंबाएवढी होती आणि काखेतही पसरली होती.

"तीन वर्षं तुमची छाती तपासणारी बांगडी हिरवीच," फोनवरची नोंद बघत कुंदा म्हणाली. "गाठ होताच ती तांबडी व्हायला हवी होती. काढून ठेवता का?"

"छे गं. हातातून उतरली की बोंबलते मेली. अंघोळीलासुद्धा काढत नाही मी."

काकूंची मनगटं उडदाच्या पिठानं माखलेली होती, आणि रिकामी. वजनकाट्यापाशी बसलेल्या रेवतीनं पदर बाजूला केला. तिच्या कोरड्या हातावर बारा बांगड्या हिरव्या चमकत होत्या.

"पिठात चिकटतात म्हणून सगळ्याजणी माझ्या हातात चढवतात," ती म्हणाली. "बाकीच्या संध्याकाळी घेऊन तरी जातात. काकू, तुम्ही तुमची कधीच नेली नाहीत. ती तीन वर्षं माझीच छाती तपासतेय."