वाटणीची कळ

चहा गाळताना सुधन्वाच्या मानेत सणकन कळ आली आणि छातीवर आडवा पट्टा आवळल्यासारखं झालं.

"तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे मृण्मयींचं दुखणं आहे. त्यांच्या गाडीला मागून धडक बसलेली दिसते. एकमेकांचं दुखणं वाटून घ्यायला लग्नात चिप बसवलीत, ती घटस्फोटानंतरही काढली नाहीत? बंद करू?"

"मग तिला सगळं एकटीला सोसावं लागेल ना? राहू द्या."

फोन करायचा हक्क उरला नव्हता. मानेला पट्टा लावून तो घरी बसायचा. कळ उतरली की समजायचा, तिनं औषध घेतलं.

एका सकाळी मान सहज वळली. त्यानं घाबरून ती पुन्हा पुन्हा वळवून पाहिली. कुठेच दुखत नव्हतं.