उसाकडेच्या खोल्या

रखमाजी तांबडं फुटायच्या आत खराटा घेऊन आपल्या चाळीसमोर उभा होता. रात्रभर टाकी गळून दारापुढं चिखल झाला होता, आणि चिखलात पंजे उमटले होते. कुत्र्याचे नव्हते. कुत्र्याची नखं उमटतात. हे गोल, थोराड, बिननखांचे होते. उसातून निघून थेट प्रतीक्षाच्या दारापर्यंत आले होते आणि तसेच माघारी उसात शिरले होते. रखमाजीनं भराभर खराटा ओढला. एकही ठसा मागं ठेवला नाही.

त्या साली बिबट्यानं साऱ्या जुन्नर तालुक्याची झोप उडवली होती. ओझरच्या रस्त्याला, उसाला खेटून रखमाजीनं भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधल्या होत्या. दिवाळीनंतर तीन भाडेकरू सामान उचलून चालते झाले. उरली प्रतीक्षा, तिचा डेअरीत कामाला जाणारा नवरा आणि नुकती चालायला लागलेली छकुली. गुणाची माणसं. पाणी आलं नाही तरी बोलायची नाहीत, पत्रा गळला तरी बोलायची नाहीत. हीही गेली, तर ओस पडलेल्या चाळीत नवं कोण येणार?

पण दिवसभर त्याला चैन पडेना. जेवता जेवता उठला. दोनदा उगाच चाळीकडं जाऊन आला. "पाणी येतंय ना गं?" एवढंच विचारलं, आणि पुढचं ओठावर आलेलं तसंच गिळलं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा छकुली उसाच्या बांधाशी ढेकळं गोळा करत बसली होती. प्रतीक्षानं धावत येऊन तिला ओढून नेलं. रखमाजी तसाच घरी परतला.

"सकाळधरनं काय चाललंय तुमचं?" ठकूबाईनं विचारलं. बायकोपुढं त्याला राहवलं नाही. सांगून टाकलं.

तांदूळ निवडता निवडता ठकूबाईचा हात थांबला. "तान्हं लेकरू हाय त्या घरात. तुमी ठसं पुसलं म्हणून जनावर यायचं थांबल व्हय?"

दिवस मावळायला आला तसं वस्तीवरचं कुत्रं भुंकायचं बंद झालं आणि शेपूट घालून गोठ्यात शिरलं. रखमाजी उठलाच. त्याच्या मागोमाग ठकूबाई.

प्रतीक्षानं दार आतून कडी घालून घेतलं होतं. हाक मारल्यावर उघडलं.

"पोरी, खोली सोडा. दुसरीकडं बघा कुठंतरी," रखमाजी म्हणाला. "रातीला तुझ्या दारापत्तूर जनावर आलं व्हतं. ठसं मीच पुसलं. चुकलं माझं."

त्याला वाटलं, ती घाबरेल, नाहीतर तोंडाला येईल ते बोलेल. तिनं फक्त छकुलीला जवळ ओढलं.

"परवा बी आलं व्हतं, बाबा. आमी खिडकीतनं बघितलं. तवाचं ठसं मी पुसलं."

"तू? का गं?"

"बिबट्याच्या भ्यानं तुमी चाळच बंद केली असती, तर आमी जायचं कुठं? जुन्नरात, नारायणगावात लई हिंडलो. आधी खोली दाखवत्यात. मग आडनाव इचारत्यात. मग म्हणत्यात, कालच दिली. तुमी तेवढं इचारलं न्हाई."

त्यानं विचारलं नव्हतं, हे खरं होतं. उसाकडेच्या खोल्यांना माणूसच मिळत नव्हतं, म्हणून विचारलं नव्हतं.

ठकूबाई पुढं झाली. छकुलीला उचलून तिनं कडेवर घेतलं. "हे जनावर पिंजऱ्यात पडत न्हाई तवर आमच्या घरात ऱ्हावा. मधली खोली मोकळीच हाय. चल, अंथरूण घे."

प्रतीक्षा उंबऱ्यातच थांबली. उसात कुठंतरी पाचट वाजलं. तरी ती हलली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "आधी आमचं आडनाव तर इचारा."