कळवते

"अहो ताई, चार वाजता मुलीकडचे व्हिडिओ कॉलवर येणार आहेत! घरात मोबाईलला रेंजही नाही. नेट कधी चालू होईल?" मुलाची आई काकुळतीला आली.

दुरुस्तीला आलेल्या वैजूला बिघाड सापडला होता. राउटरमागची वायर नुसती सैल होती. बोटाने दाबताच लाल दिवा हिरवा झाला असता. तिने बॅगेची चेन ओढली. "कळवते."

"कळवते काय? हो-नाही आत्ताच सांगा ना!"

तीन वर्षांपूर्वी हीच बाई याच मुलासाठी वैजूला बघायला आली होती. पोहे पुन्हा मागून घेऊन खाल्ले आणि 'कळवतो' म्हणून गेली. वैजूची आई पदरात मोबाईल बांधूनच पाण्याला गेली, दळणाला गेली. आता बाई वैजूला ओळखतही नव्हती.

"वाट बघा, काकू," वैजू बूट घालत म्हणाली. "माझी आई अजून बघतेय."