उंच नात

एकोणीसशे ब्याऐंशी साली मुलीच्या शाळेत पुन्हा आयांची हुलाहूपची स्पर्धा ठरली. आदल्या वर्षी मी पहिल्याच फेरीत बाद झाले होते, तेव्हा मुलगी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. म्हणून सरावासाठी रिंग आणायला गेले, पण छत्तिसाव्या वर्षी ‘मलाच हवी’ म्हणायची लाज वाटली. “मुलीसाठी,” म्हणाले. दुकानदाराने नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाची दिली.

दार लावून पंधरा दिवस कंबर हलवली, तरी दुसऱ्या वेढ्याला रिंग पायाशी. एके दुपारी सासूबाई आत आल्याच. “अगं, कंबरेला कशाला दोष देतेस? रिंग जमिनीवर उभी धरली की आपल्या बेंबीपर्यंत यायला हवी.”

“तुम्हाला हो काय ठाऊक?”

त्यांनी आपल्या खोलीतल्या पलंगाखालून भलीमोठी रिंग ओढून आणली. “मीही नातीसाठीच म्हणाले होते. फक्त नात फार उंच आहे, असं सांगितलं.”

त्याच रिंगने माझा दुसरा नंबर आला. पुढे सासूबाई गेल्या, दुकान बंद पडलं, मुलगी आता शाळेत खेळ शिकवते.

काल सून इवलीशी रिंग घेऊन आली. “मुलीसाठी,” म्हणाली.

 

मी पलंगाखाली वाकले.