ड्युटीवर ओळख नाही

मटणाच्या दुकानासमोरून चेकर गेला आणि त्याने मानसुद्धा वळवली नाही. दुकानदाराने ठरल्याप्रमाणे पायरीवर हाड आपटलं. चेकरचा एक कान हलला, तेवढाच. पाय थांबले नाहीत. पट्टा बाबांच्या डाव्या हातात सैल होता, जसा असायला हवा तसा.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, औषधांच्या दुकानापुढच्या फूटपाथवर त्यांची मुलगी उभी होती. तिने श्वास सोडला आणि लगेच पुन्हा धरला. अजून शाळेच्या फाटकातून येणारा चेंडू होता. मग समोरच्या बंगल्यातली झुपकेदार शेपटीची कुत्री होती, जिच्यापुढे चेकरची अक्कल आजवर चार वेळा गहाण पडली होती. आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः होती.

"शेवटचं आमिष तुम्ही," ट्रेनरबाईंनी सकाळी बजावलं होतं. "खिशात चीज ठेवा आणि त्यांच्या वाटेतच उभ्या राहा. हसायचं नाही, हाक मारायची नाही. तो तुमच्याकडे झेपावला की नापास. बाबांना घरी पोचवत असताना त्याला कोणी नातेवाईक नसतात."

चेकर पास झाला तर बाबा घरी राहणार होते. नाही झाला तर एक तारखेपासून वृद्धांच्या संस्थेत. दादाने तिथल्या खोलीचं बोलूनही ठेवलं होतं. दादाचं सगळं आधी ठरतं, मग तो विचारतो. दोन महिन्यांत बाबांना दोनदा परक्या लोकांनी घरी आणून सोडलं होतं. बत्तीस वर्षं बसमध्ये लोकांना त्यांचे थांबे सांगणारा कंडक्टर, आणि त्याला स्वतःचाच थांबा सापडेना.

"रस्ते विसरतात रे, माणसं नाही विसरत," ती फोनवर दादाशी भांडली होती. "रस्ता दाखवायला कुत्रा पुरे आहे."

"ठीक. पण माणसं विसरायला लागले की मी म्हणेन तसं करायचं. कबूल?"

तिने खुशाल कबूल म्हटलं होतं.

कुत्र्याचं नाव बाबांनीच ठेवलं. "नोकरीभर चेकरने मला धाकात ठेवलं, आता जरा मी त्याला पट्ट्याने फिरवतो," असं म्हणून. थट्टा त्यांच्या अंगातच होती. शाळेत असताना ती त्यांच्याच बसने जायची. बाबा सरळ चेहऱ्याने तिच्यापुढे तिकिटाचा चिमटा वाजवायचे.

"तिकीट, बाई?"

"बाबा, मी!"

"ड्युटीवर ओळख नाही. पुढे सरका, दार अडवू नका."

अख्खी बस हसायची. शेवटच्या थांब्यावर मात्र तिला उचलून खाली उतरवायचे आणि म्हणायचे, "चल गं, हाफ तिकीट." चाळिशी आली, चष्मा लागला, तरी घरात ती हाफ तिकीटच होती.

चेंडू आला. टप्पे खात थेट चेकरच्या नाकासमोरून गेला. चेकर थबकला. बाबाही थांबून चेंडूकडे बघत राहिले. आता दोघेही त्याच्यामागे धावतात की काय! मग चेकरने मान वर करून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. गेले सहा आठवडे त्याला हेच एक शिकवलं होतं: गोंधळ झाला की आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. दोघे चालू लागले. वीस पावलं मागे ट्रेनरबाईंनी कागदावर खूण केली.

झुपकेदार शेपटी आली. चेकरने नाक वर केलं, एक सुस्कारा टाकला आणि पुढे गेला, लग्न झालेल्या माणसासारखा.

आता फक्त ती उरली. पंधरा पावलं. दहा. चेकरला ती दिसली. शेपटी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. तो मुठीएवढा असताना तिनेच त्याला बाटलीने दूध पाजलं होतं. खिशातलं चीज घामाने चिकट झालं होतं. 'बघू नकोस,' ती मनात म्हणत होती. 'माझ्याकडे बघू नकोस. मी तुझी कोणी नाही.'

चेकरने मान वर करून बाबांकडे पाहिलं. शेपटी थांबली. ती वाटेतच उभी असल्यामुळे दोघांना तिच्यापुढे थांबावं लागलं. बाबांनी सरळ चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"पुढे सरका, बाई," ते म्हणाले. "दार अडवू नका."

हसायचं नाही, हे तिच्या लक्षात होतं. ओठ दातांखाली दाबून ती बाजूला झाली. दोघे पुढे गेले. तिसऱ्या फाटकाशी चेकर थांबला, पंजाने त्याने फाटक लोटलं आणि बाबांना आत घेऊन गेला.

तेव्हा कुठे ती हसली. इतकी, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिने दादाला फोन लावला. रिंग वाजत होती तोवर ट्रेनरबाई येऊन पोचल्या.

"पाहिलंत?" ती म्हणाली. "कुत्रा तर कुत्रा, बाबासुद्धा! काय नाटक वठवलं! ओळख दाखवायची नाही, हे त्यांना किती वेळा समजावलंत?"

ट्रेनरबाई कागदाची घडी घालता घालता थांबल्या.

"त्यांना कुठे काय सांगितलं? ते कुत्र्याला खूण करतील म्हणून मी तुमचा विषयच काढला नाही. परीक्षा तर कुत्र्याची होती."

फोनमध्ये दादाचा आवाज आला. "हां, बोल. पास की नापास?"