दादाची रेघ

कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी जमवायला कॉलेजची पोरं सातशे किलोमीटर सायकलवर निघाली, तेव्हा धाकटीने दादाची सायकल मागितली. केमोने पार खंगलेला दादा पलंगावरून उठला, सीट खाली घेण्याआधी त्याने तिच्या दांडीवर खिळ्याने रेघ ओढली आणि दम दिला, "आलीस की ही रेघ दिसेपर्यंत सीट वर करायची. आजाराने माझी उंची नाही घटलेली!"

तिसऱ्या दिवसापासून तिचा फोन बाबाच उचलायचे. "दादा झोपलाय गं. तू रस्त्याकडे लक्ष दे."

नवव्या दिवशी ती परतली आणि दारातच पाना घेऊन बसली.

बाबांनी तिचा हात धरला. "राहू दे, बाळा. आता तुझ्याच मापाची राहू दे."